पांढरा गज

गज मोडला त्या दिवशी बारकीने हॉटेलच्या मॅनेजरला फोन केला, तर तो म्हणाला, "कुठल्या खिडकीचा?"

"खिडकीचा नाही हो. व्हायोलिनचा. ज्याने वाजवतात तो."

"असं होय! मग दुसऱ्या काठीने वाजवा की."

काठी म्हणे. बारकीने फोन असा आपटला की फोनलाच खोक पडायची. इतकी वर्षं ह्या माणसाच्या जेवणघरात कोपऱ्यातल्या दिव्याखाली बसून दोघी बहिणी वाजवतायत आणि ह्याला अजून गज माहीत नाही. ह्यालाच कशाला, तिथे जेवणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नाही. काटे-चमचे खणखणतात, खुर्च्या करकरतात, कोणाचं तरी पोर भोकाड पसरतं, आणि त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी दोन व्हायोलिनं वाजत असतात, पंखा फिरतो तशी. पंखा बंद पडला की माणसं निदान वर बघतात तरी.

बारकी हे तिचं घरातलं नाव. आता ती पन्नाशीची झाली होती आणि कुठूनही बारकी राहिली नव्हती, पण थोरली बहीण ताई असेपर्यंत ती बारकीच. ताईचा नवरा गेला, बारकीने लग्नच केलं नाही, आणि दोघी दोन खोल्यांत एकत्र राहायला लागल्या. वडील व्हायोलिन शिकवायचे. त्यांनी दोघींना एकेक गज दिला होता. एकाच माणसाने बनवलेले, एकाच लाकडाचे, मधाच्या रंगाचे, टोकाला पांढऱ्या हाडाची चकती. जुळ्या बहिणीच म्हणा. त्यातला ताईचा अजून धड होता. बारकीचा तिच्याच हातून पडला. पडला कसला, सुटला. सुरावटीच्या मधेच उजव्या खांद्यात अशी कळ आली की बोटं एकदम बधिर झाली. गज टोकावर आपटला, त्याची मुंडी तुटली आणि केसांना लोंबकळत राहिली. मान मुरगळलेली कोंबडी असते ना, तशी.

तेव्हापासून बारकी उसना गज वापरत होती. गजवाल्याने दिलेला. कार्बनचा, काळा कुळकुळीत. मोटारीच्या टपाला आणि विमानाच्या पंखाला वापरतात तोच धागा म्हणे. हलका. वाकत नाही, उन्हापावसाचं त्याला काही नाही. पहिल्या दिवशी खांदा म्हणाला, अरे, हे काय, कोणीतरी सामान उतरवून घेतलं वाटतं.

आणि त्याच दिवसापासून ताईचं बिनसलं.

सुरुवात चुकायची. शेवट चुकायचा. बारकी सुरू करायची आणि ताई अर्धा श्वास उशिरा यायची. कधी बारकी थांबायची आणि ताई एकटीच पुढे निघून जायची. लग्नातून सगळे पांगले तरी नाचतोय एखादा, तसं. मॅनेजरसारख्या ठोंब्याच्याही ते लक्षात आलं. "भांडलात का दोघी?" त्याने विचारलं. "हंगाम सुरू होतोय, पाहुणे येणार. नाहीतर मी आपलं रेकॉर्ड लावतो. त्याला भांडता येत नाही."

ताईने सगळं खापर गजावर फोडलं. "त्या काळ्या काडीला आवाजच नाही. छत्रीची काडी ती. तिच्यावर कोणी सूर लावायचा!"

"नाचता येईना अंगण वाकडं," बारकी म्हणाली.

"काय म्हणालीस? पुटपुटू नकोस. तोंड उघडून बोल."

हे नेहमीचंच. ताईच्या मते बारकी जन्मापासून पुटपुटते. आणि ताईच्या मते थोरलीने नेहमी उजव्या बाजूने चालायचं असतं, उजव्या खुर्चीवर बसायचं असतं, आणि सुरुवात कधी करायची नसते. "तू सुरू कर, मी येते." राणीसाहेब मागून येणार, आधी दासीने दार उघडायचं. ह्या सगळ्यावरून बारकी इतकी भांडली होती की आता भांडायचाही कंटाळा आला होता.

म्हणूनच तिने ठरवलं होतं, आता बास.

त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर दातांची डॉक्टरीणबाई होती. तिला बाहेरच्या टेबलावर बसायला बाई हवी होती. फोन घ्यायचा, नाव पुकारायचं, रडणाऱ्या पोरांना पेपरमिंट दाखवून पुन्हा डब्यात ठेवायचं. हात खांद्याच्या वर न्यायचं काही कामच नाही. "आज संध्याकाळपर्यंत सांग," डॉक्टरीण म्हणाली होती, "दुसरी एक विचारून गेलीय." बारकीचं उत्तर तयार होतं. फक्त ते आधी ताईला सांगायचं होतं, आणि तिथेच गाडं अडलं होतं. सकाळी चहाच्या वेळी सांगणार होती, तर ताई म्हणाली, "आवर लवकर. आज तुला नवा गज घ्यायचाय. लाकडाचा. मी येतेय बरोबर."

आता सोडूनच द्यायचं तर गज कशाला, हे कोणाला सांगणार?

गजवाल्याचं दुकान एका पादत्राणांच्या दुकानावर होतं. जिना अंधारा आणि उभा, चामड्याच्या आणि राळेच्या वासाचा. ताई पुढे, बारकी मागे, दोघींच्या हातात व्हायोलिनच्या पेट्या. मधल्या पायरीवर बारकी थांबली. म्हटलं आता सांगून टाकावं, इथे ती वळून हात तरी उगारू शकणार नाही.

"ताई, मी हॉटेल सोडतेय."

ताई चढत राहिली. उत्तर नाही, मागे बघणं नाही, काही नाही.

बारकीच्या डोक्यात सणक गेली. एवढं मोठं बोलले आणि हिने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं! बरं, बरं. आता बघतेच.

वर गजवाला शिंकत होता. सारखाच शिंकायचा तो. गज बनवायचा, जुन्यांना नवे घोड्याचे केस लावायचा, आणि घोड्याच्या केसांचीच त्याला ॲलर्जी. देवाने पोट आणि नाक एकाच ठिकाणी बांधलं, असं तो स्वतःच म्हणायचा. नाक लाल, चष्मा कपाळावर, आणि टेबलावर केसांच्या पांढऱ्या जुड्या, एखाद्या म्हातारीने वेणी कापून ठेवावी तशा.

"या या. मोठ्या बाई, धाकट्या बाई. बसा. त्या स्टुलावर नको, ते मोडकंय. त्याच्यावरही नको."

"लाकडाचा दाखवा," ताई बसायच्या आधीच म्हणाली.

"दाखवतो ना. पण धाकट्या बाईंना तर काळा मानवलेला दिसतोय."

"तिला काय मानवतं ते तिला कळत नाही."

"मी इथेच उभी आहे," बारकी म्हणाली.

"पुटपुटू नकोस."

गजवाल्याने एक लाकडाचा गज काढला. गडद, चहा फार उकळला की होतो त्या रंगाचा. बारकीने डोळ्यासमोर धरून दांडा सरळ आहे का पाहिलं, मधोमध बोटावर तोलून पाहिला, मळसूत्र फिरवून केस ताणले. चांगला होता. तारेवर टेकवला की लगेच काहीतरी बोलायचा, शहाण्या पोरासारखा. पण टोकाकडे जड. चार सुरांतच खांद्यात ओळखीची कळ उठली. आले मी, तुम्ही चालू द्या, असं म्हणत.

मग काळा. त्याच दुकानातला, उसन्यापेक्षा जरा बरा. हातात धरलाय असं वाटायचंच नाही. आवाज सरळ. लाकूड कसं बोलताना मधेच हसतं, अडखळतं, तसं काही नाही. सरकारी कचेरीत माणूस बोलतो तसा स्वच्छ आणि पुरेसा.

"लाकूड ते लाकूड," ताई म्हणाली. "ऐकायचीसुद्धा गरज नाही."

"मग ऐकूच नकोस."

"अहो, भांडू नका, त्याला एक युक्ती आहे." गजवाल्याने रुमाल काढला, एक शिंक दिली, रुमाल ठेवला. "तोंड भिंतीकडे करून ऐकायचं. काय वाजवतोय ते दिसता कामा नये. डोळे लबाड असतात. लाकूड दिसलं की कान आपोआप म्हणतो, वा. माझ्याकडे मोठमोठे वाजवणारे येतात आणि भिंतीकडे तोंड केलं की गप्प होतात."

ताई एक क्षण थांबली. बारकीला तेव्हा वाटलं, घाबरली. आपण हरू म्हणून घाबरली. मग ताईने हनुवटी वर केली, खुर्ची उचलून भिंतीकडे फिरवली आणि बसली. पाठ ताठ. मानेवर अंबाड्यातून सुटलेले दोन पांढरे केस.

"वाजव," भिंतीला सांगितल्यासारखं तिने सांगितलं.

बारकीने काळा उचलला आणि एक ठसकेबाज तुकडा वाजवला.

"हा!" ताई म्हणाली. "काय गोड आहे. लाकूड. कळतं की नाही बघ."

गजवाल्याने चष्मा नाकावर घेतला. बारकीने तोंडावर बोट ठेवलं. पोटातून हसू असं उसळलं की व्हायोलिन हललं. आता सोडते का काय! तिने तोच काळा पुन्हा उचलला आणि तोच तुकडा तसाच्या तसा वाजवला.

"आणि ही तुमची छत्रीची काडी," ताई म्हणाली. "कोरडी. ठसका लागल्यासारखी."

गजवाल्याने रुमालात तोंड खुपसलं. शिंक की हसू, कळलं नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत आतल्या खोलीत गेला. बारकीच्या मनात आयुष्यभराचा सूड फेर धरून नाचत होता. आता शेवटचा, मग सांगायचं. सांगायचं की ताई, दोन्ही वेळा काडीच होती, आणि तूही एक काडीच आहेस, उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि मी चालले दाताच्या डॉक्टरकडे.

तिने लाकडाचा गज उचलला. ह्या वेळी हॉटेलातलं पहिलं वाजवायला घेतलं. संध्याकाळी दिवे लागल्यावर दोघी ते वाजवायच्या. फार हळू सुरू होतं ते. वडील म्हणायचे, शेजारच्या खोलीत कोणी आजारी आहे असं समजून सुरू कर. तिने गज तारेवर टेकवला आणि ओढला. खोली लहान होती, बाहेर दुपार पेंगत होती, सूर छान पसरला. लाकूड खरंच गोड होतं. चाकरीला जायच्या आधी एकदा असं वाजवायला मिळालं, बरं झालं, असं तिच्या मनात आलं. पहिली ओळ संपली. दुसरी सुरू झाली.

"वाजव की," ताई भिंतीकडे बघून म्हणाली. "झोपलीस का?"

बारकीचा हात थांबला नाही. थांबायचं सुचलंच नाही. गज आपला तारेवर जात राहिला, ती वाजवत राहिली.

"अगं, किती वेळ लावतेस? कुठला घेऊ अन् कुठला नको, असं झालंय का?"

बारकी वाजवत होती.

मग तिने गज खाली घेतला. नेहमीच्या आवाजात, जसं घरात बोलतात तसं, ती म्हणाली, "ताई, चहा सांगू का?"

काही नाही.

"ताई, तुझ्या खांद्यावर झुरळ आहे."

झुरळ नुसतं म्हटलं तरी ताई पलंगावर चढायची. शेजारच्या इमारतीत झुरळ निघालं तरी हिच्या अंगावर काटा. ती तशीच बसून होती. ताठ. वाट बघत. दोन्ही हात मांडीवर, एकात एक घट्ट धरलेले. भिंतीवरच्या पोपड्यात आता काय वाजणार आहे ते लिहिलेलं असावं, तसं तिथे टक लावून.

बारकीला पहिल्यांदा राग आला. तिला सगळ्याचाच आधी राग यायचा. म्हणजे मी पुटपुटत नव्हते! इतकी वर्षं मला आरशासमोर तोंड वासून बोलायला लावलं, आणि मी पुटपुटतच नव्हते! उजवी बाजू थोरलीची म्हणे. उजवीकडे बसली की डावा कान माझ्याकडे येतो, तो जरा बरा असणार. तू सुरू कर म्हणे. जिन्यात मी एवढं बोलले...

जिन्यात तिने ऐकलंच नव्हतं.

पण मग वाजवते कशी? स्वतःचं व्हायोलिन हनुवटीखाली असतं, ते हाडातून कळत असेल. सूर बोटांना पाठ. पण माझं? मी कधी सुरू केलं, कधी थांबले, हे त्या काट्या-चमच्यांच्या खणखणाटात तिला कसं कळतं?

गजवाल्याच्या दुकानात उभा आरसा होता, वाजवणाऱ्याला आपला हात बघता यावा म्हणून. बारकीने त्यात पाहिलं. हॉटेलात घालते तोच काळा सदरा होता अंगात. संध्याकाळी तिथूनच परस्पर जायचं होतं. तिने लाकडाचा गज खाली ठेवला, काळा उचलला आणि व्हायोलिनवर धरला. दुकानाचा कोपरा, अंधुक उजेड, काळी बाही, काळा सदरा, काळा गज.

गज दिसतच नव्हता. एक बाई नुसती हात हलवत होती.

तिचा जुना गज मधाच्या रंगाचा होता. टोकाला पांढरी चकती. हॉटेलच्या दिव्याखाली ती चकती काजव्यासारखी खालीवर व्हायची. ताई बघत बसायची ती. बारकीला वाटायचं, माझा हात तपासतेय, चुका काढतेय. ताईने कानाचं काम कधीच डोळ्याकडे सोपवलं होतं. आणि त्या डोळ्यासमोरून बारकीने गज काढून घेऊन छत्रीची काडी धरली होती.

लाकडाचाही धरून पाहिला. उकळलेल्या चहाचा रंग, काळी मुंडी. आरशात तोही निम्मा विरघळला.

आतून गजवाला परत आला. "काय ठरलं?"

ताईने त्याची चाहूल पायातून घेतली असावी. वळली. "ठरतंय कसलं! ही वाजवेल तर ना. नुसती उभी."

गजवाल्याने बारकीकडे पाहिलं. बारकीच्या चेहऱ्यावर काहीतरी असणार, कारण त्याने नजर वळवून नाक पुसलं.

बारकी खाली बसली. मोडक्या स्टुलावरच बसली, ते कुरकुरलं. आता हिला काय सांगायचं? मला कळलं, असं? ती नाही म्हणेल. आरडाओरडा करेल. मग रात्री उशीत तोंड घालून पडेल आणि उद्यापासून वाजवणार नाही. की मी सोडतेय, असं? मग कोणाचा गज बघून वाजवणार ही? रेकॉर्डचा?

खांदा ठणकत होता. त्याला ह्यातलं काही कळत नव्हतं, खांदाच तो.

तिची नजर खिडकीशेजारच्या खिळ्यावर गेली. तिथे एक गज टांगलेला होता, नखशिखांत पांढरा. दांडा पांढरा, मूठ पांढरी.

"तो कुठला?"

"तो?" गजवाला हसला. "तो पण कार्बनचाच. शाळेच्या वाद्यवृंदासाठी मागवले होते, पोरांना रंगीत आवडतात म्हणून. निळे गेले, लाल गेले, हा राहिला. गज म्हणजे हत्ती, नाही का? हा आमच्या दुकानातला पांढरा हत्ती. सांभाळायचा नुसता."

"बघू."

"अहो, त्यात काही नाही. टोकाला जड आहे. रंगाचे थर बसलेत. आवाज शिट्टीसारखा."

"बघू म्हटलं ना!"

वाजवून पाहिला. खरंच शिट्टीसारखा. जाताना हलका, येताना जड, संपावर निघालेल्या हमालासारखा. काळ्याइतका हात सुखावत नव्हता, लाकडाइतका गोडही नव्हता. बारकीने डोळ्याच्या कोपऱ्यातून ताईकडे पाहिलं. ताईची बुबुळं गजाबरोबर जात होती. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. टोक तारेवर टेकलं की तिची बोटं मांडीवर टेकत होती. तिला स्वतःलाही कळत नव्हतं.

क्षणभर वाटलं, काळाच घ्यावा आणि त्याला पांढरी पट्टी गुंडाळावी. पण मग ताईने विचारलं असतं, कशाला. आणि बारकीला खोटं बोलता यायचं नाही, भांडता यायचं. लहानपणापासून तिची एकाच गोष्टीसाठी ख्याती होती, हट्टासाठी.

"मला हाच पाहिजे," ती म्हणाली.

"शी!" ताई उठलीच. "चुन्याच्या डब्यातून काढल्यासारखा! वयाला शोभतं का ते? लोक काय म्हणतील, सर्कस आली!"

"म्हणू देत. मला आवडला."

"आवाज तरी ऐकलास का त्याचा?"

"ऐकला. मला हाच पाहिजे. घेईन तर हा, नाहीतर तुझ्या हातात व्हायोलिन देऊन घरी जाईन."

"बघा," ताई गजवाल्याला म्हणाली, "अशी आहे ही. जत्रेत फुगा बघितला की रस्त्यात बसायची फतकल मारून. वडील उचलून न्यायचे."

"माझ्या दुकानात बसू नका बाई, उचलायला मला होणार नाही," गजवाला म्हणाला आणि शिंकला. पण गज पुसायला घेतला. त्याचा हत्ती जात होता.

ताई जवळ आली. पांढऱ्या दांड्यावरून बोट फिरवलं, कुठे धूळ राहिलीय का बघतात तसं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "दिसायला काही बरा नाही."

गजवाला रुमाल शोधायला लागला.

"पण दिसतो," ताई म्हणाली.

बारकीने कानाडोळा केला. मान खाली घालून ती गजाचं मळसूत्र फिरवत बसली, ते आधीच सैल होतं तरी.

रस्त्यावर आल्यावर ती न सांगता ताईच्या डाव्या बाजूला गेली. ताई थांबली. "आज भांडली नाहीस उजव्या बाजूवरून?"

बारकीने तिच्याकडे तोंड वळवलं आणि ओठ नीट उघडून सांगितलं, "दमले."

"हं. आज बोलतेस कशी स्पष्ट. येतं तर तुला."

हॉटेलच्या मागच्या दाराशी, जिथे भांडी घासणारे टोपल्या उपड्या घालून बसतात तिथे, बारकीने डॉक्टरीणबाईला फोन लावला.

"नाही जमायचं मला."

"अगं, असं काय? बहिणीला बोललीस का?"

"बोलले. तिला ऐकू नाही गेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही जमायचं."

"आणि खांद्याचं काय?"

"आहे की तिथेच. कुठे जातोय?"

फोन ठेवला. आतून कांद्याची फोडणी आणि साबणाचं पाणी असा मिळून वास येत होता. बारकी भिंतीला टेकून जराशी उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, पण रडायलाही हात वर करून डोळे पुसावे लागतात, आणि तेवढं कोण करणार!

मॅनेजरने पांढरा गज पाहिला आणि त्याचे दात दिसले. "हे काय? जादूची कांडी?"

"हिची आवड," ताई म्हणाली. "विचारू नका."

"भांडण मिटलं का?"

"आमचं भांडण कधी मिटत नाही," बारकी म्हणाली. "तुम्ही आपलं रेकॉर्ड ठेवा कपाटात."

दोघी बसल्या. ताई उजवीकडे, जरा वळून. जेवणघर भरत होतं, चमचे सुरू झाले होते. एका टेबलावरचा पोरगा बोट दाखवून आईला म्हणाला, "बघ, खडू!" आई त्याला गप्प करत होती.

"तू सुरू कर," ताई म्हणाली. "मी येते."

बारकीने गज उचलला. वडिलांनी शिकवलं होतं त्याच्यापेक्षा जास्तच वर, दिव्याच्या उजेडात नीट येईल इतका. खांद्याने शिवी दिली. तिने गज वरच धरला, ताईचे डोळे त्याच्यावर येऊन बसेपर्यंत. मग खाली आणला आणि तारेवर टेकवला, शेजारच्या खोलीत कोणी आजारी आहे असं समजून.

ताई आली. बरोब्बर आली. मधे केसाएवढीही फट नाही.

शेवट फार हळू होता, तिथेही बारकीने गज हवेत उचलून थांबवला आणि ताईचा सूर त्याच्याबरोबर थांबला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. इथे कोणी वाजवत नाही. मॅनेजर लांबून मान हलवून गेला.

"बघ," ताई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता, आणि गेल्या कित्येक दिवसांत नव्हता तो रंग गालावर आला होता. "मी म्हणत नव्हते? त्या काडीचाच दोष होता. आता कसं स्वच्छ ऐकू येतं."

"हो ताई," बारकी म्हणाली. मोठ्याने, तिच्याकडे तोंड करून.

"पुढचं घे."

बारकीने डाव्या हाताने उजवा खांदा दाबला आणि पांढरा हत्ती पुन्हा उचलला.